ऐरणीचा भाव

जुन्या स्कूटरचा भाव मॉडेलच्या वर्षावरून निघतो. जुन्या दागिन्याचा सराफ काढतो आणि घट म्हणून त्यातलं थोडं स्वतःकडे ठेवतो. जुन्या फ्लॅटचा भाव तर कुणी विचारला नसतानाही शेजारी सांगतात. लोहाराच्या जुन्या ऐरणीचा भाव मात्र कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. ती झिजते पण संपत नाही, मोडत नाही म्हणून दुरुस्तीला जात नाही, आणि चोरायला जावं तर चोराचीच कंबर धरते. आजोबा विकत घेतात, नातू विकायला काढतो; मधल्या काळात बाजार कुठे पोचला, हे ना तिला ठाऊक ना घरच्यांना. अशी वस्तू विकायला निघाली की येणारा-जाणारा तिला आपापल्या धंद्याच्या फूटपट्टीने मापतो. मोरिवलीत एका दुपारी हे मी मांडी घालून पाहिलं.

मोरिवली म्हणजे अंबरनाथचं एका अंगाने गावठाण आणि दुसऱ्या अंगाने एमआयडीसी. वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे आम्हाला झाडाकडे न बघता नाकाने कळतं. लोखंडाचं इथे कुणाला अप्रूप नाही. अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, आयटीआय आहे. त्यामुळे सोसायटीच्या कुठल्याही बाकावर बसा, शेजारी एक निवृत्त फिटर किंवा टर्नर निघतोच, आणि आपल्या चपलेची टाच किती झिजलीय ते सुतात सांगतो. आमच्याकडे पाणी, खड्डे आणि लोकलची गर्दी हे प्रश्न कायम ऐरणीवर असतात, असं वर्तमानपत्रं लिहितात. ते लिहिणाऱ्यांनी ऐरण पाहिलेली नसावी. तिथे तापलेलं लोखंड जेमतेम अर्धा मिनिट थांबतं. तेवढ्यात ठोकलं नाही तर परत भट्टीत.

तर गावठाणातल्या एका लोहारआजोबांनी ऐरण विकायला काढली. भाता केव्हाच बंद पडलेला, नातू एमआयडीसीत लेझर कटिंगच्या मशीनवर. ही बातमी मी घरी सहज बोललो आणि ती बायकोमार्फत तिच्या भावापर्यंत गेली. मेहुणा घोडबंदर रोडला राहतो. त्याला जुन्या वस्तूंचं वेड आहे. त्याच्या दिवाणखान्यात बैलगाडीचं चाक आहे, दगडी जातं आहे, बंबही आहे. आंघोळ अर्थात गिझरच्या पाण्याने. तो दुसऱ्याच दिवशी हजर. "भावजी, तुम्ही फक्त सोबत चला, बोलायचं मी बघतो," म्हणाला. हे ऐकल्यावर मी वाटेत सोसायटीतल्या टूलरूमवाल्या काकांनाही बरोबर घेतलं.

ऐरण ओसरीवर बाभळीच्या ओंडक्यावर बसवलेली होती. एका बाजूला निमुळती चोच, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक आणि त्याच्याजवळ एक छोटं गोल भोक. तोंड चकचकीत, अंग काळं. खंडेनवमीचं हळदकुंकू बाजूच्या खाचेत अजून चिकटलेलं. मेहुण्याने दोन पावलं मागे जाऊन फोटो काढला, दोन पावलं पुढे आला आणि सरळ ऐरणीवर बसला.

"उठ!" आजोबा एवढ्या जोरात ओरडले की काकासुद्धा उठले. "ऐरणीवर बसतात होय? आमची लक्ष्मी आहे ती."

माझ्या अंदाजाने भाव तिथेच दोन हजारांनी चढला.

मग ऐरणीचं कूळ निघालं. चहा यायच्या आधी ती आजोबांच्या वडिलांची होती. चहा आला तेव्हा त्यांच्या आजोबांची झाली आणि महायुद्धानंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या लिलावातून आली. हे अगदीच अशक्य नाही. त्या छावण्यांमध्ये पुढे सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पण 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' हे पत्ते आजही चालतात. लष्कर उठलं की मागे लोखंड उरणारच. मला भीती होती ती दुसऱ्या कपाची. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातलं. एवढा काळा बेसॉल्ट कोरायचा तर छिन्न्या सारख्या बोथटणार, त्यांना रोज कुणीतरी धार काढून पाणी देणार, म्हणजे वालधुनीच्या काठावर तेव्हा ऐरण वाजत असणारच. आणखी एक चहा झाला असता तर ती हीच, असं आजोबांनी शपथेवर सांगितलं असतं.

तेवढ्यात नातवाने मोबाइलवर गाणं लावलं. कुठलं, ते मराठी माणसाला सांगायला नको. १९६५ साली भालजी पेंढारकरांनी 'साधी माणसं' काढला, लताबाईंनी 'आनंदघन' या नावाने चाल लावली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात ऐरणीचा व्यवहार कोरड्या डोळ्यांनी करता येत नाही. मेहुण्याचे डोळे भरून आले. मी काकांकडे पाहिलं. काकांनी खिशातून चष्मा काढला आणि "आधी हे बंद कर," म्हणाले.

काकांनी फडक्याने ऐरणीची कूस पुसली. घासलेली इंग्रजी अक्षरं दिसली. नाव गेलेलं, 'पेटंट' एवढं शिल्लक. त्याखाली तीन आकडे, एकमेकांपासून लांब लांब ठोकलेले: १, १ आणि १८.

"एक एक अठरा!" मेहुणा म्हणाला. "पहिली जानेवारी १९१८! पहिल्या महायुद्धातली!"

आजोबांनी मान डोलावली. ही तारीख त्यांच्याही कानावर पहिल्यांदाच पडत होती, पण त्यांना ती आवडली.

"वाढदिवस नाही तो," काका म्हणाले, "वजन आहे." जुन्या इंग्रजी ऐरणींवर वजन हंड्रेडवेटमध्ये ठोकायची पद्धत होती. बर्मिंगहॅमजवळच्या डडली गावातल्या पीटर राइटच्या ऐरणी जगभर गेल्या, त्यांच्यावरही असेच तीन आकडे असत. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड. शंभर नव्हे. इंग्रजांचं शंभरसुद्धा ११२चं, यावरून त्यांनी राज्य कसं केलं ते समजून घ्यावं. दुसरा आकडा त्याचा चतुर्थांश, २८ पौंड. तिसरा सुटे पौंड. म्हणजे ११२ अधिक २८ अधिक १८, एकूण १५८ पौंड. आपले एकाहत्तर किलो आणि वर सहा-सातशे ग्रॅम.

इथे खरी मजा आली. आदल्या आठवड्यात आजोबांनी ऐरण एका भंगारवाल्याकडे नेऊन तोलली होती. कुठल्या गावातला ते मी सांगणार नाही. त्याच्या काट्यावर ती चौसष्ट किलो भरली. "पुरानी है, घिस गया होगा," असं तो म्हणाला. लोखंड झिजतं हे खरं, पण सात किलो झिजायला ऐरणीवर हातोड्याऐवजी डोंगर आपटायला हवा. नातवाने शेजारच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवली तर आकडा आला एकाहत्तर. त्या दिवशी भंगारवाल्याने ऐरण तोलली खरी, पण माझ्या मते त्याचा काटाच ऐरणीने तोलला.

भंगारवाल्याचा भाव चौतीस रुपये किलो होता. त्या हिशेबाने दोन हजार चारशे चौदा. मला हा माणूस काट्यापुरता लबाड आणि भावापुरता प्रामाणिक वाटला. त्याला आजोबा, लताबाई, महायुद्ध यांच्याशी कर्तव्य नव्हतं. यापेक्षा खाली ऐरण जाऊ शकत नाही, एवढं त्याच्यामुळे नक्की झालं. वर कुठवर जायचं, ते काकांच्या खिशात होतं.

काकांनी सुपारीच्या डबीतून बेअरिंगचा छर्रा काढला. ऐरणीच्या तोंडावर नातवाची शाळेतली फूटपट्टी उभी धरली आणि दहा इंचांवरून छर्रा सोडला. तो टण्णकन उसळला तो थेट आठ इंचांवर. "पोलाद आहे," काका म्हणाले. बिडाची ऐरण असती तर छर्रा अर्ध्यावरही न येता मुकाट बसला असता. अशा ऐरणीवर काम करणं म्हणजे प्रत्येक घावाला आपलीच ताकद वाया घालवणं. चांगली ऐरण हातोडा परत वर ढकलते, लोहाराचा खांदा वाचवते. काका एकेक इंच सरकत छर्रा सोडत गेले. मधे आठ, चोचीजवळ साडेसात, आणि उजव्या कोपऱ्यावर आवाज आला 'ठप्प'. छर्रा तीन इंचही उडाला नाही. घरंगळत ओसरीवरून थेट गटारात गेला. पुढची वीस मिनिटं भाव बाजूला राहिला आणि आम्ही सगळे काटक्या घेऊन गटारावर वाकलेलो. येणारे-जाणारे विचारत होते, "सोन्याचं काही पडलं का?"

छर्रा सापडला, कोपऱ्याचं बिंगही फुटलं. तिथे कधीतरी तुकडा उडालेला आणि नातवानेच वेल्डिंग करून भरलेला. भरताना आजूबाजूचं पोलाद तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. काकांनी कानस फिरवून दाखवली: मधे ती काचेवरून जावी तशी सरकली, कोपऱ्यात मात्र करकर करत चावली. मग पट्टी आडवी ठेवून खालून उजेड पाहिला. मधोमध केसभर खोलगट. "चालेल," काका म्हणाले, "सरळ करायला तेवढी खोली उलट उपयोगी पडते." हातोडीने टिचकी मारली, स्वच्छ नाद आला. भेग असती तर फुटक्या मडक्याचा आला असता. अर्थात नादावर विसंबू नये, असंही त्यांनी सांगितलं. साखळी गुंडाळली की चांगली ऐरणही मुकी होते.

अशा जुन्या ऐरणीचं अंग मऊ घडीव लोखंडाचं असतं आणि तोंडावर अर्ध्या इंचाच्या आसपास पोलादी पाट जोडलेला. एकाहत्तर किलोतली सगळी अक्कल त्या अर्ध्या इंचात. बाकीचं वजन ती अक्कल जागेवर धरून ठेवण्यासाठी. (सरकारी कचेऱ्यांमध्येही रचना अशीच असते म्हणतात.)

सौदा रंगात येणार तोच मेहुण्याने मोबाइल काढला आणि मोठ्याने वाचलं, "बाप रे! अमेरिकेत जुनी ऐरण पौंडाला पाच डॉलरने जाते!" घासाघीस करताना विकणाऱ्याच्या दारात हे वाचून दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नातवाने लगेच गुणाकार केला. १५८ पंचे सातशे नव्वद डॉलर. त्याचे रुपये झाले सदुसष्ट हजारांच्या घरात. ओसरीवर शांतता पसरली. आजोबांनी ऐरणीकडे असं पाहिलं की जणू त्यांनी तिला आजवर ओळखलंच नव्हतं.

"मग घेऊन जा अमेरिकेला," काका थंडपणे म्हणाले. "विमानात वीस-पंचवीस किलो नेता येतं. तीन फेऱ्या होतील."

आजोबा पंधरा हजारांवर आले. मेहुणा द्यायला निघालाच होता. काकांनी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "यावर तू ठोकणार काय?"

"ठोकणार नाही. वर काच ठेवणार. सेंटर टेबल."

काकांचा चेहरा मला बघवेना. "मग रुळाचा तुकडा घे," ते कसंबसं म्हणाले. हे रागातच, कारण पाठोपाठ त्यांनीच सांगितलं की बिलाशिवाय रूळ घरात ठेवू नये. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६चा कायदा आहे, नुसता चोरीचा माल जवळ सापडला तरी पुरतो, आणि रुळाचं बिल द्यायला रेल्वे काही दुकान मांडून बसलेली नाही.

माझं विचाराल तर ऐरण पाहावी घिसाड्याची. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला पाल पडतं. ऐरण एवढीशी, खाली निमुळती, जमिनीत ठोकलेली. नवरा सांडशीत लालभडक कोयता धरून उकिडवा बसतो, बायको पदर खोचून उभी राहते आणि घण घालते. तो हातोडीने जिथे टिचकी मारतो, घण नेमका तिथे पडतो. हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की घण वरच्या वर थांबतो. एक शब्द बोलत नाहीत. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन आमच्यात हे जमलेलं नाही. त्या ऐरणीचा भाव कधी कुणी विचारत नाही. शिक्का नाही, चोच नाही, सेंटर टेबलला उंची नाही. धारेच्या दहा रुपयांसाठी मात्र मोटारीतून उतरलेली माणसं तिच्यापुढे हुज्जत घालतात.

शेवटी काकांनी हिशेब मांडला. भंगाराचा भाव हा पाया. तोंड सपाट आणि छर्रा उसळणारा असेल तर त्याच्या चौपट. कोपरा खराब, त्याचे काही कापले. शिक्क्याचे पैसे शून्य, कारण शिक्क्यावर काही ठोकता येत नाही. चौपट म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर जात होते. कापून आकडा ठरला नऊ हजार. आजोबा 'हो' म्हणाले, पण एका अटीवर: वर काच ठेवायची नाही, आणि वर्षातून एकदा तरी तिच्यावर काहीतरी ठोकायचं. मेहुण्याने खिळा चालेल का विचारलं. आजोबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "लाल करून ठोक, मग चालेल."

राहिली नेण्याची गोष्ट. मेहुणा लोकलने आलेला. नातवाने आणि मी ऐरण नाक्यापर्यंत हातगाडीवर आणली. शेअर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने छर्रा टाकला नाही, कानस लावली नाही, शिक्का वाचला नाही. मान न वळवता आरशातूनच ऐरणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन सीटचे पडतील. आणि पुढे माझ्याजवळ नाही बसवायची, मामा धरतो."