खणखणीत की बद्द

शहाबादी फरशी घ्यायला गेलेला माणूस रंग बघतो, जाडी बघतो आणि भाव पाडतो. खाणवाला बोट वाकवून फरशीवर टिचकी मारतो आणि कान देतो. खण्ण वाजली तर साबूत, बद्द वाजली तर आत चीर. आमच्या अफजलपूरच्या सावकारांनी खाण सोडून आमदारकी धरली, पण टिचकी काही सुटली नाही. नवा कार्यकर्ता पाया पडायला वाकला की ते त्याच्या पाठीवर दोन बोटं वाजवतात. बघणाऱ्याला वाटतं आशीर्वाद दिला. मागे उभा असलेला पीए मात्र वहीत खूण करतो.

सावकार म्हणजे कुणी एक इसम नव्हे, हे आधीच सांगतो. भीमाकाठच्या पाच-सहा पुढाऱ्यांना क्रशरमध्ये घालून, चाळणीतून काढून, एका टिप्परमध्ये भरलेला हा माल आहे. तेव्हा नाव शोधू नका. आपापल्या तालुक्यात बघा, मिळेल.

आमच्या तालुक्यात वर काळी माती आणि खाली काळा दगड. त्यातून खडी निघते, फरशी नाही. फरशीचा दगड पूर्वेला शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडमकडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता म्हणे. त्याच्या तळाचा गाळ थरावर थर बसून दगड झाला. त्यामुळे या खाणीत फार सुरुंग लावावे लागत नाहीत. थराच्या सांध्यात छिन्नी बसवायची, पहार घालायची, हलकेच उचलायचं. अख्खी फरशी सुटून येते. सोलापूर-पुण्याकडच्या जुन्या घरांतले ओटे, मोऱ्या, माजघरं सगळी याच दगडावर उभी राहिली. सावकार तरुणपणी तिथं हिशेबनीस म्हणून गेले, भागीदार झाले, मग मालक झाले. हे कसं झालं ते कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याचंही घर त्यांच्याच फरशीचं आहे.

राजकारणात आल्यावर त्यांना कळलं की इथंही सुरुंगाची गरज नाही. प्रत्येक गाव थराथराचंच. दोन भावकींच्या मधला सांधा कुठं आहे, तालमीचं आणि भजनी मंडळाचं कुठं बिनसलंय, एवढं कळलं की पुरे. पहार घालायची, हलकेच उचलायचं.

भाषा चार. घरात कन्नड, टिप्परच्या ड्रायव्हरांशी दख्खनी, अक्कलकोट-दुधनीच्या व्यापाऱ्यांशी आणि सोयऱ्यांशी मराठी, आणि बेंगळुरूला सचिवांपुढं ‘येस सर’. चारी भाषांत मिळून त्यांचा खरा शब्द एकच: ‘नोडोण’. म्हणजे बघू. बोरवेल पाहिजे? नोडोण. पोराची बदली? नोडोण री. यात होकार नसतो, नकारही नसतो. पण अर्जदार जिना उतरताना बायकोला फोन करतो की काम झालं. मी स्वतः तीनदा असा फोन केलेला आहे.

खाणीतून विधानसौधात जायची वाट कर्नाटकात नवी नाही. संडूरच्या मराठी राजघराण्यातले मुरारीराव घोरपडे मँगनीजच्या खाणीतून पुढं आले आणि मुख्यमंत्री देवराज अर्सांच्या काळात राज्याचे अर्थमंत्री झाले. वर जंगली जनावरांचे फोटो काढून त्यांनी नाव कमावलं ते वेगळंच. त्याच संडूरच्या खाणवाल्या घरातले संतोष लाड 2023 साली कामगारमंत्री झाले. सावकारांना ही उदाहरणं तोंडपाठ आहेत. ‘ते लोखंड काढणारे. आपण फरशी काढणारे. मंत्रिपद मिळायला जरा येळ लागणारच,’ असं ते म्हणतात आणि बळ्ळारीचा विषय निघाला की पंखा वाढवायला सांगतात. तिथल्या बेकायदा खाणींवर लोकायुक्तांचा 2011 चा अहवाल आला आणि मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली, त्या वर्षापासून सावकारांच्या बैठकीत पंखा कायम पाचवर असतो.

कायद्याला मात्र ते फार मानतात. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 9-ए कलम म्हणतं की ज्याचा सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा करार चालू आहे, तो आमदार राहू शकत नाही. सावकारांचा एकही करार नाही. खाण बायकोच्या नावावर, क्रशर मेहुण्याच्या, टिप्पर जावयाच्या. रस्त्याचं काम कुणा चौथ्यालाच मिळतं, तो बिचारा खडी कुठून आणणार? उमेदवारी अर्जाच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, ‘शेती’. एकदा मी धीर करून विचारलं, ‘सावकार, पीक कसलं?’ तर म्हणाले, ‘तूर. आणि खाली दगड असंल तर त्याला आम्ही काय करावं?’

प्रचाराची सुरुवात देवल गाणगापूरहून. तिथं दुपारी माधुकरीला साक्षात दत्तगुरू येतात अशी श्रद्धा. कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, म्हणून दारात आलेल्याला कुणी विन्मुख पाठवत नाही. सावकार अगदी बाराच्या ठोक्याला हात जोडून पाच घरी उभे राहतात. माय-माउल्या वाढतात. एका म्हातारीनं त्यांना वाटीभर अंबील दिली आणि म्हणाली, ‘पाच वर्षांनी एकदा येणारा देव पैल्यांदा बघतेय.’ सावकारांनी अंबील संपवली, वाटी विसळून परत दिली आणि गाडीत बसताना पीएला म्हणाले, ‘खणखणीत आहे. हिची पेन्शन बघ.’ पेन्शन पुढच्या महिन्यात सुरू झाली, हेही लिहिलंच पाहिजे.

कारण माणूस सरसकट बद्द नाही. उजनी धरणातून पाणी सोडलं की आमची भीमा फुगते. 2020 च्या ऑक्टोबरात तर काठची गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा वेळी सरकारी आदेश निघेपर्यंत ही खाणवाली मंडळी थांबत नाहीत. टिप्पर उंच असतो, तो पाण्यातून जातो. म्हशी, म्हाताऱ्या, ज्वारीची पोती, सगळं त्यातून निघतं. सावकार बांधावर उभे राहून शिव्या देत असतात. कुणाला देतात कळत नाही, पण गाड्या हलतात. त्यातून मिळालेल्या मतांवर पुढच्या दोन निवडणुका निघतात, आणि निघाव्यातही.

कलबुर्गीला 2019 साली विमानतळ झाला. तरी सावकार बेंगळुरूला रात्रीच्या रेल्वेनंच जातात. त्यांच्या मते विमानात फार तर दोन माणसं भेटतात, गाडीत अख्खा डबा.

उद्घाटनं मात्र एकही चुकवत नाहीत. शाळा, समाजमंदिर, बसथांबा, जे असेल तिथं खालची फरशी शहाबादची, म्हणजे घरचीच. परवा समाजमंदिराच्या कोनशिलेवरचा पडदा त्यांनी ओढला, टाळ्या झाल्या. मी जवळ जाऊन बघितलं. नाव ठसठशीत होतं, पण दगड काळा, गुळगुळीत, ग्रॅनाइटचा, बाहेरून मागवलेला. ‘सावकार, घरची फरशी का नाही?’ तर त्यांनी सवयीनं कोनशिलेला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘आमच्या फरशीला उन्हापावसात पापुद्रे सुटतात. नाव टिकत नाही.’