गिळणारं यंत्र

दिवाळीच्या सुट्टीत चकलांब्याला आलेली कॉलेजची पोरं कापूस वेचायला जातात, नाहीतर वेचणी टाळायला पुस्तक उघडून बसतात. हा गडी तिसऱ्याच वाणाचा. रोबोकॉनवाला.

यंत्रमानवांच्या या स्पर्धेचा २०२४चा विषयच सुगीचा, व्हिएतनामच्या भातशेतीवर बेतलेला. यंत्रमानवानं रोपं लावायची, दाणे म्हणून ठेवलेले चेंडू उचलायचे, कणगीत टाकायचे. जांभळे चेंडू म्हणजे पोचट दाणे, ते सोडायचे. ‘म्हंजे मी शेतीच करायलोय,’ असं तो आईला सांगतो. आई पऱ्हाटीतून मान वर करत नाही.

चेंडू गिळून उचलणारं यंत्र तो बनवतोय, म्हणून जगाकडे बघून त्याला एकच प्रश्न पडतो: हे गिळता येईल का? टरबूज, शेजारणीची घागर, भाच्याचं डोकं, सगळ्याला तो मनातल्या मनात टेप लावतो. २००८ साली ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय गोविंदाचा होता. हा तेव्हा असता तर याच्या यंत्रानं लोण्यासकट हंडी गिळली असती.

गिळण्याचा सिद्धांत मात्र पक्का. चेंडू आत ओढणारा रोलर आणि जमीन यांतली फट चेंडूपेक्षा जराशी कमी हवी. चेंडू दबला तरच रबर त्याला धरतं. फारच कमी ठेवली तर मोटर कण्हते. रोलरच्या कडेचा वेग गाडीच्या वेगाहून जास्त हवा, नाहीतर गाडीच चेंडू ढकलत नेते. हे तो कापसाच्या जिनिंगवरही ऐकवून आला. तिथं चामड्याचा रोलर रुई ओढून घेतो, सरकी बाहेरच राहते. निवडून गिळणं म्हणतात ते हेच, असं त्यानं तिथल्या कामगाराला समजावलं. ‘बरं झालं सांगितलंस,’ कामगार म्हणाला, ‘आम्ही आपलं अंदाजानंच चालवायलोत.’

मग अंगणात चाचणी. पीव्हीसी पाइपवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, मोटर भंगारातल्या जीपच्या वायपरची. चेंडू आत गेला. पाठोपाठ ‘काय करायलास रं?’ म्हणत वाकलेल्या आजीच्या लुगड्याचा पदरही गेला.

‘आरं, सोड म्हण त्याला!’

मोटर बंद झाली, पण उलटी फिरवायचं बटण बसवायचंच राहिलेलं.

‘ओकायला लाव त्याला, ओकायला!’

‘आजी, हेच ध्यानात आलं नव्हतं बघ! जांभळा चेंडू आत आला तर ओकायचं!’ त्यानं वही काढली, टेप काढला.

‘मापं मागून घे, आधी लुगडं दे.’

‘थांब की जरा. रबर कापसाला काय मस्त धरतंय!’