जबाबदारी : प्रकार, वहन आणि विल्हेवाट

पावसाळी ट्रेकमधील जोखीम व्यवस्थापनाची सुरुवात गुगल फॉर्मपासून होते आणि बहुतेक आयोजकांच्या मते ते तिथेच संपते. नाव, मोबाईल क्रमांक, रक्तगट, बसमध्ये दादरला चढणार की ठाण्याला, जेवण शाकाहारी की मांसाहारी, असे रकाने ओलांडल्यावर तळाशी एक चौकोन लागतो. सहभागी व्यक्ती शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असून स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे. इजा, अपंगत्व किंवा मृत्यू ओढवल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, असे त्या चौकोनाशेजारी लिहिलेले असते. त्यावर टिचकी मारल्याखेरीज पैसे भरण्याचे पान उघडत नाही. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी लोकलच्या दारात उभे राहून, एका हाताने दांडी धरून आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, स्वतःच्या मृत्यूची पूर्ण जबाबदारी स्वीकारली जाते. रात्रभर बसमध्ये जागून पहाटे गड चढू पाहणाऱ्याने आपण मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचे लिहून द्यावे, यातला विनोद फॉर्म करणाऱ्याच्या लक्षात आलेला नसावा.

कायद्याचे या चौकोनाविषयीचे मत फारसे उत्साहवर्धक नाही. धोका जाणूनबुजून पत्करणाऱ्याला पुढे तक्रारीला जागा राहत नाही, हे तत्त्व न्यायालयांना मान्य आहे. पण तो धोका डोंगराचा असावा लागतो : निसरडी वाट, धुके, वरून सुटलेला दगड. साठ माणसांमागे दोन लीडर, त्यातला एक पहिल्यांदाच गड पाहणारा, ही डोंगराची करणी नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सेवेतील त्रुटीमध्ये निष्काळजीपणा धरतो, आणि ग्राहकाच्या गळ्यात अन्याय्य अटी मारणाऱ्या कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दादही मागता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. फौजदारी खटल्यात मयताने आगाऊ दिलेली माफी चालत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची सही तर १९०३ पासूनच निरुपयोगी आहे. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असल्याचे प्रिव्ही कौन्सिलने त्या वर्षी मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवून टाकले. पालकांच्या संमतीपत्रावरून मुलाला सहलीला पाठवण्यास त्यांची हरकत नव्हती, एवढेच सिद्ध होते. त्याला निष्काळजीपणे सांभाळण्यासही हरकत नव्हती, असे सिद्ध होत नाही.

तरीही चौकोन टिकून आहे, कारण त्याचा उपयोग न्यायालयात नसून त्याआधी आहे. अपघातानंतर दवाखान्याच्या आवारात नातेवाईक जमतात, तेव्हा आयोजक मोबाईलवर तो फॉर्म उघडून दाखवतो. ‘सही केलीय ना त्याने’ हे ऐकून बरीच माणसे गप्प बसतात आणि वकिलाकडे जातच नाहीत. जोखीम व्यवस्थापनाचा सर्वांत यशस्वी भाग हाच आहे.

इंग्लंडमध्ये हा विषय वेगळ्या वाटेने गेला. मार्च १९९३ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात एका साहस केंद्राने शाळेच्या मुलांना कयाकमधून समुद्रात नेले आणि त्यातली चार मुले गेली. खटल्यात निर्णायक ठरले ते एक पत्र. केंद्रातल्या प्रशिक्षकांनी आधीच नोकरी सोडताना सुरक्षेतल्या उणिवा मालकाला लेखी कळवल्या होत्या. १९९४ मध्ये कंपनी सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरली, तिचा संचालक तुरुंगात गेला आणि १९९५ मध्ये संसदेने अशा केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडच्या व्यवसायाने यातून घेण्याजोगा बोध घेतलेला दिसतो : काहीही लेखी ठेवायचे नाही. लीडरचे प्रशिक्षण, मागच्या ट्रेकमध्ये घसरलेल्यांची नोंद, ‘पाऊस वाढला तर कुठून परतायचे’ याचा आराखडा, यांतले काहीच कागदावर नसेल तर काय माहीत होते हे कोण सिद्ध करणार? लेखी असते ते फक्त सहभागींनी दिलेले.

फॉर्ममध्ये काय नसते, हेही अभ्यासण्याजोगे आहे. रात्री अकराला निघून पहाटे पायथ्याशी पोचवणारा आणि त्याच संध्याकाळी परत निघणारा बसचालक मधल्या वेळात झोपला का, असा रकाना कुठेही आढळत नाही. पहिल्या पानावर भाकरी-पिठल्याचा फोटो असतो, प्रथमोपचार पेटीचा नसतो. पेटी असते, तिच्यात एक क्रेप बँडेज, वेदनाशामक मलम आणि मुदत उलटलेल्या दोन-चार गोळ्या असतात, आणि ती बहुधा बसमध्येच राहते. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर हात रोवायला खोबणी आहेत. तिथे चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर कुणी थांबायचे, हे फॉर्मला माहीत नसते. रविवारी ते ठरवायला गर्दी असते.

सरकारी जोखीम व्यवस्थापनाची साधने तीन : फलक, मनाई आदेश आणि शासन निर्णय. फलकावर ‘धोका’ लिहितात आणि लोक त्याला टेकून सेल्फी काढतात. मनाई आदेश अपघातानंतर निघतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. दुसऱ्याच दिवशी देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले, आणि पुणे जिल्ह्यात जुन्या १४४ च्या जागी आलेले कलम १६३ लगेच धबधब्यांच्या कामी आले : पाण्यात उतरू नये, धोकादायक जागी रील काढू नये. शासन निर्णयांचा प्रवास संथ आहे. २०१८ मध्ये साहसी उपक्रम क्रीडा विभागाच्या अखत्यारीत होते, २०२१ च्या धोरणाने ते पर्यटन विभागाकडे आले आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची झाली. डोंगर मात्र वन विभागाच्या नाहीतर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने चौकशी कोणी करायची, यावर पत्रव्यवहाराला भरपूर वाव आहे.

एवढे सगळे झाल्यावरही माणूस दरीत अडकतोच. तेव्हा फोन जातो तो महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेला. नोकरी-धंदा सांभाळणारे स्वयंसेवक भर पावसात दोर, हार्नेस आणि स्ट्रेचर घेऊन वर जातात आणि माणूस खाली आणतात. ते आधी कुणाकडून फॉर्म भरून घेत नाहीत.

पुढच्या ट्रेकचा फॉर्म भरणाऱ्याने चौकोनावर टिचकी मारण्यापूर्वी आयोजकाचा नोंदणी क्रमांक, लीडरांची संख्या आणि विम्याची प्रत मागून पाहावी. उत्तर आले नाही तर नाव काढून घ्यावे. पैसे आधीच भरले असतील तर ते परत मिळणार नाहीत, ही अट मात्र फॉर्ममध्ये ठळक अक्षरांत दिलेली असते.