कंसातली फाइल

पिंगळीच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव कंसात का होईना, उरतंच. संगणकातही 'डिलीट' म्हटलं की जाते ती यादीतली नोंद. मजकूर डिस्कवर तसाच, कुणी त्यावर दुसरं लिहीपर्यंत. तरी मंडळी रिसायकल बिन रिकामी करतात, हात झटकतात आणि संगणक परभणीच्या भंगारात किलोवर देतात. आधारच्या प्रती, पासबुकं, सुनेचे फोटो वर फुकट. जुन्या चुंबकीय डिस्कवर एकदा सगळीकडे शून्यं लिहिली तरी भागतं. एसएसडी मात्र बेरकी: नवं लिहिलेलं भलत्याच कप्प्यात ठेवते, म्हणून तिला तिचीच पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. 2023चा डेटा संरक्षण कायदा काम संपलं की माहिती पुसा म्हणतो. लाभार्थ्याचा अर्ज तेवढा काम व्हायच्या आधीच, बॅकअपसकट पुसला जातो.