गुडघ्याला की कमरेला?

खोबरेल तेलाने होत नाही असं एकच काम आमच्या घराण्यात आजवर मान्य झालं आहे: गृहकर्ज फेडणं. बाकी डोकं, ओठ, टाचांच्या भेगा, तान्हं बाळ, जरठ आजोबा आणि कुरकुरणारी बिजागरी या सगळ्यांवर एकच निळी बाटली. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी बायकोला ‘पाळी थांबली की कोरडेपणा येतोच, ल्युब्रिकंट वापरा’ असं सांगितलं, तेव्हा माझी नजर आपोआप न्हाणीघरातल्या फळीकडे वळली. बायकोने ती वाटेतच अडवली.

“अहो, चादरी तुम्ही धुणार का?”

चादरीचं सोडा, खरी भानगड निरोधाची आहे. लॅटेक्सला तेल सोसत नाही. तेल लागलं की ते काही मिनिटांत कमकुवत होतं आणि ऐन वेळी फाटतं. तेल लाकडी घाण्याचं आहे, गावाहून आलंय, आत्याने स्वतः काढून आणलंय, याचा लॅटेक्सवर काडीचा परिणाम होत नाही. व्हॅसलीन, बेबी ऑईल, हाताला लावायचं लोशन, सगळ्यांची तीच कथा. राहता राहिली थुंकी. नोटा मोजायला आणि सुईत दोरा ओवायला ती उत्तम. इथे मात्र ती चटकन वाळते, आणि तोंडातले जंतू नको तिथे पोचवते.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात मी हा विषय काढून पाहिला. एकाने बुटाची नाडी बांधायला घेतली, ती बराच वेळ बांधत राहिला. दुसरा छाती काढून म्हणाला, “आपल्याला नाही बुवा लागत.” हे त्याने वहिनींना विचारून सांगितलं होतं का, ते मी विचारलं नाही, त्या मागून येतच होत्या. पुरुषांची अशी समजूत असते की ट्यूब घरात आली म्हणजे आपल्या कर्तबगारीवर शेरा आला. शरीराला या मानापमानाचा पत्ता नसतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, बाळ अंगावर पीत असतानाही उतरतं. सर्दीची साधी गोळी वाहतं नाक सुकवते आणि तेवढ्यावरच थांबत नाही. यात नवऱ्याच्या पराक्रमाचा संबंध कुठे आला?

आणि घर्षणाचा त्रास काय एकाच बाजूला होतो? पुढच्या कातडीला वारंवार चिरा पडतात, लाली येते, खाज सुटते, आणि गडी मलमं बदलत बसतो. पुष्कळदा त्या चिरा रक्तातल्या साखरेची वर्दी देत असतात. ताठरता कमी होऊ लागली तर तिकडेही दुर्लक्ष करू नये. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे चोंदण्याची सुरुवात कधीकधी तिथे आधी कळते, छातीत कळ यायच्या काही वर्षं अगोदरसुद्धा. अशा वेळी रक्तदाब आणि साखर तपासायची सोडून आपला माणूस रेल्वेरुळांलगतच्या भिंतीवरचा बाबांचा नंबर टिपून घेतो. किंवा मित्राकडून निळी गोळी मागून आणतो. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट चालू असताना ती घेतली तर रक्तदाब धाडकन कोसळतो, हे त्या मित्राला ठाऊक नसतं.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं १९२७ मध्ये आणि मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. एवढी मोठी माणसं कोर्टाची पायरी चढली ती आपल्याला मोकळेपणी विचारता यावं म्हणून, असं मनाशी घोकत मी औषधांच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, “ते... जेल आहे का?”

“गुडघ्याला की कमरेला?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

खरं तर कमरेपर्यंत आलो होतो, थोडंसंच पुढे जायचं होतं. मी आवाज खाली नेला, तिने आपला जागेवर ठेवला. “अच्छा, ल्युब्रिकंट! वॉटर बेस्ड देऊ की सिलिकॉन? कंडोम वापरता का काका?” माझ्या मागे कॅल्शियमच्या गोळ्यांसाठी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. देखभाल खर्चाच्या सभेत कधी न दिसलेली एकाग्रता त्यांच्या चेहऱ्यावर उमटली.

ती मुलगी मात्र आपल्या विषयात पक्की होती. पाण्याचं कंडोमला चालतं, धुतलं की जातं, पण लवकर सुकतं. सुकलं तर आणखी जेल थापण्याऐवजी पाण्याचे दोन थेंब लावा. सिलिकॉनचं जास्त टिकतं, कंडोमलाही चालतं, पण सिलिकॉनच्याच उपकरणांना खराब करतं आणि फरशीवर सांडलं तर हाडवैद्याची सोय. मूल हवं असेल तर साधं जेल नको, शुक्रजंतू मंदावतात. त्यासाठी वेगळं मिळतं. “ते नको,” मी घाईने म्हणालो. मागे सेक्रेटरी खोकले.

मग स्ट्रॉबेरीचं, ‘ऊब देणारं’ आणि ‘वेळ वाढवणारं’ अशी शोभेची फळी होती. स्ट्रॉबेरीत साखर असेल तर बुरशीला आयतं पंचपक्वान्न. ऊब देणाऱ्यात झोंबणारे पदार्थ. वेळ वाढवणाऱ्यात बधिर करणारं औषध, जे नवऱ्याला लावलं तरी बायकोपर्यंत पोचतं. मग दोघांनाही काही कळत नाही आणि वेळ मात्र वाढतो.

साध्या ट्यूबचंही लेबल वाचावं लागतं. ग्लिसरीन फार असलं तर मीठ लावलेली कैरी जसं पाणी सोडते तसं आतलं नाजूक अस्तर पाणी सोडतं, म्हणजे कोरडेपणावर आणलेली ट्यूब कोरडेपणाच वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली यावर सल्लापत्रक काढलं. त्यात या दाटपणाच्या मापाला, म्हणजे ऑस्मोलॅलिटीला, १२०० ची कमाल मर्यादा घातली आणि ३८० च्या आत असेल तर उत्तम असं म्हटलं. आम्लताही योनीच्या जवळची, साडेचारच्या आसपास, असलेली बरी. पुष्कळ ट्यूबांवर हे आकडे छापलेलेच नसतात. बिस्किटाच्या पुड्यावर मैद्याचं प्रमाण शोधणारा ग्राहक ते मागतच नाही, मग कोण कशाला छापेल?

मी बिनरंगाची, बिनवासाची, पाण्याची ट्यूब घेतली. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे. या एका मालासाठी मात्र दुकानाच्या मालकांनी खणातून काळी पिशवी काढलीच.

पुढच्या आठवड्यात आत्या राहायला आली. एका सकाळी ती मोकळा हात नाचवत बाहेर आली. सुजलेल्या बोटात कित्येक महिने रुतलेली अंगठी निघाली होती.

“तुमच्या कपाटातल्या ट्यूबने निघाली रे. साबणाने हलली नव्हती.”

बायको स्वयंपाकघरात पळाली. मी म्हणालो, “आत्या, ते... ते गुडघ्याचं आहे.”

“चष्मा लावून वाचलंय मी,” आत्या म्हणाली. “पुढच्या मार्चपर्यंत चालेल. आणि झाकण नीट लावत जा, वाळतं.”