मामा बसत नाही

लिंबायत, उधना, डिंडोली. सुरतेच्या या पट्ट्यात खान्देश येऊन वसला त्याला पिढ्या झाल्या, पण मरण अजून गावीच होतं. अमळनेर, शिरपूर, नंदुरबारहून मेसेज येतो : दुःखद निधन, अंत्ययात्रा सकाळी 10 वाजता, राहत्या घरून. वाचणारा आधी भुसावळकडची गाडी बघतो, मग साहेबाचा मूड.

ऑफिसात नोकरी असेल तर फॉर्म. मृत व्यक्तीशी नातं? आई, वडील, नवरा-बायको, मुलं. कंपनी उदार असली तर भाऊ-बहीण. पगारी तीन दिवस. मामा? मामा बसत नाही. ज्या मामानं भाच्याला सुरतेत आणलं, आपल्या खोलीत झोपवलं, चार ठिकाणी शब्द टाकून कामाला चिकटवलं, तो मामा 'कुटुंब' या व्याख्येबाहेर मेला.

हीसुद्धा कंपनीची मेहरबानी, कारण कायद्यात दुखवट्याची रजाच नाही. 1948चा कारखाना कायदा सांगायचा : वर्षात 240 दिवस भरा, मग दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा, आणि अर्ज किमान 15 दिवस आधी, लेखी. सूट फक्त आजारपणाला. म्हणजे आजोबांनी पंधरवडाभर आधी कळवायचं. 21 नोव्हेंबर 2025पासून नवी कामगार संहिता आली, 240चे 180 झाले. दुखवटा मात्र तिथेही नाही. दुकानं-ऑफिसांसाठी गुजरातच्या 2019च्या कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत. पोराचा ताप, शाळेचा दाखला आणि आजीचं मरण, सगळं त्यातच बसवा.

गंमत अशी, की इस्टेटीचा प्रश्न आला की हाच देश नाती घडाघडा म्हणतो. 1956च्या हिंदू वारसा कायद्याच्या यादीत काका, आत्या, मामा, मावशी, झालंच तर भावाची विधवासुद्धा आहे. मामाचं घर घ्यायला भाचा चालतो, मामाला खांदा द्यायला त्याला रजा नाही. आणि कामगार स्वतःच गेला, तर ईएसआयसी अंत्यविधीला 15,000 रुपयांपर्यंत देते. सोय आहे, फक्त माणूस योग्य मरायला हवा.

साहेब लोकांचा आवडता विनोद : याची आजी वर्षात तीनदा मेली. मरणारच! फॉर्मात मामा नसला की माणूस मामाला बाप करतो. खोटं बोलायला फॉर्मनंच शिकवलं.

लूमवर तर फॉर्मही नाही. मजुरी मीटरवर. शेठ रजा नाकारत नाही, 'जा' म्हणतो, आणि मशीन दुसऱ्याला देतो. खाडा पडला की पैसे गेले. बरं, एका फेरीत भागत नाही. अंत्ययात्रेला एकदा, दहाव्याला आणि गंधमुक्तीला पुन्हा. दोनदा भाडं, दोनदा खाडा, शिवाय दुखवट्याचा टॉवेल-टोपी. तीन दिवस 'सलग' देणाऱ्याला हे गणित कळत नाही.

सुरतेच्या व्यापाऱ्यांनी आपल्यापुरता तोडगा काढलाय : बेसणुं. पेपरात फोटो, हॉल, पांढरे कपडे, चार ते सहा. दुसऱ्या दिवशी मार्केट चालू. छान सुटसुटीत आहे, नावं ठेवायचं कारण नाही. आमच्याकडे दोन तासांत फक्त भाऊबंद मोजून होतात.

तेव्हा एचआरवाल्यांनो, तो नात्याचा रकाना खोडा. वर्षाला पाच दिवस द्या, तोडून घेऊ द्या, आणि कोण गेलं ते विचारू नका. लूमवाल्या शेठना एवढंच सांगणं : दहावा करून माणूस परत येईल, तेव्हा त्याचं मशीन त्यालाच द्या.