आराखड्यातली बाग

विकास आराखड्यात हिरवा रंग सढळ हाताने फासतात. बाग कागदावर फुलवायला पाणी लागत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिने संपादनाची पावले उचलली नाहीत की आरक्षण आपोआप रद्द! म्हणजे बाग घालवायलाही पालिकेला काही करावे लागत नाही. ज्यांना एवढा धीर नाही, ते बिनपरवाना गुंठे पाडतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतचे गुंठे नियमित करायची सोय केली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० वर नेली. परवान्यासाठी रांगेत उभा राहिलेला तेवढा मूर्ख ठरला.